रस्त्याला जात नसते म्हणे! घानाच्या महामार्गावर उभे राहून काही प्रश्न



“रस्ता सगळ्यांचा असतो. त्यावरून ब्राह्मणही जातो आणि बौद्धही जातो. मग विकासाच्या कामात तुम्ही जात कशाला आणता?” चळवळीत काम करताना हा प्रश्न आम्हाला कितीदा तरी विचारला गेला आहे. विचारणारा बहुधा स्वतःला पुरोगामी समजत असतो. आपण गावातल्या रस्त्याचे उदाहरण द्यावे, रस्ता पाटलाच्या वाड्यापर्यंत डांबरी आणि वस्तीच्या तोंडाशी मातीचा का होतो हे विचारावे, तर लगेच उत्तर येते, “तुम्ही प्रत्येक गोष्टीत जातच बघता.”

ठीक आहे. आज आम्ही आपल्या गावाचे उदाहरण देणारच नाही. जिथे मनुस्मृती कुणी वाचलेली नाही, जिथे आपल्यासारखी जातिव्यवस्था नाही, अशा देशाचा रस्ता घेऊ. पश्चिम आफ्रिकेतील घाना. त्या देशाचे राष्ट्रीय महामार्ग कुठून निघतात, कुठे जातात, कुणाच्या घामाने झाले आणि त्यावर कोण मरतो, एवढेच तपासू. मग ठरवू की रस्ता निष्पाप असतो की नाही.

घानाच का? कारण हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला त्याची प्रत त्यांनी मागितली, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार होता. ड्यु बॉइस यांनी सहानुभूतीने उत्तर दिले. तेच ड्यु बॉइस १९६१ मध्ये अमेरिका सोडून घानात गेले, घानाचे नागरिक झाले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी राजधानी अक्रा येथे वारले. त्यांची समाधी आजही अक्रा शहरात आहे. बाबासाहेबांचा पत्रमित्र ज्या मातीत निजला आहे, त्या मातीवरच्या रस्त्यांबद्दल बोलण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

एक रस्ता, चार प्रवासी

आधी नकाशा समजून घेऊ. घानात राष्ट्रीय महामार्गांचे खाते १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महामार्ग प्राधिकरणाकडे आले. देशाचे मुख्य रस्ते साधारण पंधरा हजार किलोमीटर आहेत. त्यांतील राष्ट्रीय महामार्गांना ‘एन’ अक्षर आणि क्रमांक असतो. एन-१ समुद्रकिनाऱ्याने पूर्वेकडील टोगोच्या हद्दीपासून पश्चिमेकडील आयव्हरी कोस्टच्या हद्दीपर्यंत जातो. अक्रा, केप कोस्ट, ताकोरादी ही सगळी किनाऱ्यावरची शहरे त्याच्यावर आहेत. एन-६ अक्राला कुमासीशी जोडतो. कुमासी म्हणजे जुन्या असांते राज्याची राजधानी, जंगल, सोने आणि कोकोचा मुलूख. कुमासीपासून एन-१० उत्तरेला निघतो आणि टेचिमान, किंटाम्पो, तमाले, बोल्गाटांगा करत बुर्किना फासोच्या हद्दीवरील पागा गावाला पोहोचतो. आणि कुमासीपासून खाली एन-८ केप कोस्टजवळच्या यामोरान्सा येथे समुद्राला भिडतो.

पागा ते केप कोस्ट. उत्तरेच्या कोरड्या माळरानापासून समुद्रापर्यंत जवळजवळ आठशे किलोमीटर. या एकाच रस्त्यावरून इतिहासात कोण कोण चालले ते बघा.

पहिला प्रवासी साखळदंडात होता. पागा येथे पिक्वोरो नावाची जागा आहे. तिथल्या खडकांत आजही खळगे दिसतात. उत्तरेत पकडलेल्या माणसांना इथे डांबून ठेवत आणि त्या खळग्यांत त्यांना खायला घालत. तिथून त्यांना सलागाच्या बाजारात नेत, विकत, आणि पुढे दक्षिणेला हाकत. आज एन-८ ज्या असिन मान्सो गावातून जातो तिथे एक नदी आहे, डोन्को न्सुओ, म्हणजे गुलामांची नदी. किल्ल्यात नेण्याआधी माणसांना तिथे शेवटची अंघोळ घालत. मेलेल्या जनावराला धूत नाहीत, विकायच्या मालाला धुतात! त्यानंतर केप कोस्ट आणि एल्मिना इथले किल्ले, तळघरे, आणि जहाज. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैका इथे गुलामीत मेलेल्या दोन व्यक्तींचे अवशेष केप कोस्टच्या किल्ल्यातून परत आणून असिन मान्सो येथे दफन करण्यात आले. त्यांना त्याच रस्त्याने उलटे आणले गेले. गुलामांची पायवाट आणि आजचा डांबरी महामार्ग इंचाइंचाने एक नाहीत, हे खरे. पण दिशा तीच आहे. वरून खाली. उत्तरेकडून समुद्राकडे.

दुसरा प्रवासी ओझेवाला होता. १८७३ साली आपल्याकडे महात्मा फुले ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण करत होते. त्याच वर्षी इंग्रज सेनापती वुल्झली केप कोस्टला उतरला. त्याला असांतेंचे राज्य मोडायचे होते. त्यासाठी केप कोस्टपासून प्रा नदीपर्यंत रस्ता काढला गेला, त्यावर दोनशेहून अधिक लहानमोठे पूल बांधले गेले. सैन्याचे अन्न आणि दारूगोळा डोक्यावर वाहायला हजारो स्थानिक पुरुष आणि बायका लावल्या गेल्या. पळून गेले की धरून आणले. फेब्रुवारी १८७४ मध्ये कुमासी जाळली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी आपल्या किनारी वसाहतीत गुलामी रद्द केल्याचे जाहीर केले. बघा कसा हिशेब आहे. वर्षाच्या सुरुवातीला माणसे धरून ओझी वाहायला लावायची आणि वर्ष संपता संपता मुक्तिदाता म्हणवून घ्यायचे.

तिसरा प्रवासी खाणमजूर होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. तिथे सोने नव्हते आणि कोको होत नव्हता. मग तिथून काय न्यायचे? माणूस! तार्क्वा आणि ओबुआसीच्या सोन्याच्या खाणींना मजूर हवे होते. गावप्रमुखांना माणसे पाठवायला सांगितले गेले. खाणींत उत्तरेचे मजूर इतके मरू लागले की १९२० च्या दशकात खुद्द वसाहत सरकारला ही भरती थांबवावी लागली. पण तोवर एक गोष्ट पक्की झाली होती. दक्षिण म्हणजे माल आणि उत्तर म्हणजे मजूर.

चौथा प्रवासी आजचा आहे, आणि ती मुलगी आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

‘इंग्रजांनी रस्ते दिले’ ही थाप

आपल्याकडे जसे ‘इंग्रजांनी रेल्वे दिली’ म्हणतात तसे तिथेही म्हटले जाते. आम्ही इंग्रजी राजवटीकडे फक्त शिव्या देण्यासाठी बघत नाही. त्या राजवटीने उघडलेल्या शाळांची आणि सैन्यातील नोकऱ्यांची दारे आपल्या आजोबा-पणजोबांसाठी काय होती हे आम्हाला ठाऊक आहे. पण दान आणि व्यवहार यांतला फरक आम्हाला कळतो.

आता घानातला व्यवहार बघा. १९०१ मध्ये रेल्वे सेकोंदी बंदरातून तार्क्वाच्या खाणीपर्यंत गेली. १९०२ मध्ये ओबुआसीच्या खाणीपर्यंत, १९०३ मध्ये कुमासीपर्यंत. १९२३ मध्ये अक्रा ते कुमासी लोहमार्ग पुरा झाला. १९२८ मध्ये ताकोरादीचे बंदर उघडले. आणि कुमासीच्या उत्तरेला? एकही रूळ नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही. उत्तरेला रस्ता मात्र काढला. तो वेठबिगारीवर काढला. रस्ता साफ ठेवण्याची, माणसे पुरवण्याची जबाबदारी गावप्रमुखावर टाकली. मोबदला आला तर प्रमुखाच्या हातात, घाम मात्र गावकऱ्याचा. ज्या समाजाने वतनाच्या नावाखाली पिढ्यान्पिढ्या वेठ भोगली आहे, ज्याच्या नेत्याने १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. नावे बदलतात. हुकूम वरून येतो, काम खालच्याने करायचे असते.

आणि शाळा? राजधानीजवळच्या अचिमोटा येथे भव्य महाविद्यालय १९२७ मध्ये उघडले. उत्तरेकडील तमाले येथे सरकारी माध्यमिक शाळा कधी निघाली? १९५१ मध्ये! म्हणजे रस्ता आधी आला आणि शाळा एका पिढीनंतर. याचे कारण साधे आहे. रस्त्याने मजूर खाली नेता येतो. शाळेने तो वर येतो. राज्यकर्त्यांना कोणती दिशा हवी होती ते तारखाच सांगतात.

आता दुसरी बाजू. १८७९ मध्ये टेटे क्वार्शी नावाच्या कारागिराने फर्नांडो पो बेटावरून कोकोचे बी आणले, आणि १९११ पर्यंत ही वसाहत जगातील सर्वात मोठी कोको उत्पादक झाली. ही क्रांती सरकारने केली नाही, शेतकऱ्यांनी केली. अक्वापिम भागातील शेतकरी गटागटाने नवी जमीन विकत घेत पुढे सरकले, आणि माल बाहेर काढायला रस्ता नव्हता तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून ठेकेदार लावले. देन्सू नदीवर पूल बांधून घेतले. सरकारची वाट बघितली नाही. पॉली हिल या संशोधिकेने हा इतिहास १९६३ मध्ये पुस्तकातून पुढे आणला. तोपर्यंत जगाला वाटत होते की आफ्रिकी शेतकरी आळशी आहे आणि त्याचे भले गोऱ्या साहेबाने केले.

त्या शेतकऱ्यांना सरकारने बक्षीस काय दिले? लॉऱ्या आल्या, रस्त्याने माल जाऊ लागला, रेल्वेचे उत्पन्न घटू लागले. मग १९३६ मध्ये कायदा करून ठराविक रस्त्यांवर लॉरीने कोको नेण्यालाच बंदी घातली. काही ठिकाणी तर दोन रस्त्यांमधला तुकडा मुद्दाम जोडलाच नाही, म्हणजे लॉरी पुढे जाऊच नये! जे सरकार रस्ते देणारे म्हणून मिरवते, त्याने रस्ता तोडूनही ठेवला. रस्ता बांधणे हे जसे धोरण असते, तसे रस्ता न बांधणे हेही धोरणच असते. वस्तीचा रस्ता वर्षानुवर्षे ‘मंजूर’ असूनही होत नाही तेव्हा तो विसरलेला नसतो.

स्वातंत्र्य आले, रस्त्याची दिशा तीच राहिली

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. क्वामे न्क्रुमा यांच्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. उत्तरेकडील मुलांना मोफत शिक्षण देण्याचे काम त्यांच्या काळात झाले. टेमाचे नवे बंदर झाले. १९६५ मध्ये अक्रा ते टेमा हा १९ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग खुला झाला. हा देशाच्या नव्या स्वप्नाचा रस्ता होता. पण तोही राजधानीपासून बंदरापर्यंतच होता! त्याच काळात अकोसोम्बो धरण झाले, व्होल्टा नदीवर प्रचंड जलाशय झाला, सुमारे ८० हजार लोक आणि सातशेहून अधिक गावे हलवावी लागली. धरणाच्या विजेचा मोठा ग्राहक टेमाचा अ‍ॅल्युमिनियम कारखाना, आणि तो परदेशी भांडवलाचा. पाण्याने तुटलेल्या अफ्राम पठारावरच्या शेतकऱ्याला मात्र माल घेऊन फेरीबोटीची वाट बघत दशकांमागून दशके काढावी लागली.

न्क्रुमांना १९६६ मध्ये लष्कराने हटवले. पुढे सैनिक आले, गेले. १९८३ पासून जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींवर अर्थव्यवस्थेची ‘दुरुस्ती’ सुरू झाली. रस्त्यांसाठी पैसा आला. आधी कोणते रस्ते दुरुस्त झाले? कोको, लाकूड आणि सोने बंदराकडे नेणारे. कर्ज परदेशी चलनात फेडायचे होते, म्हणून रस्ताही परदेशी चलन कमावणाराच हवा होता. गोरा साहेब जाऊन तीस वर्षे होत आली तरी रस्त्याला दिशा देणारा हिशेब त्याचाच राहिला.

याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे एन-२. हा पूर्वेकडचा महामार्ग टेमापासून निघून व्होल्टा जलाशयाच्या पूर्वेने न्क्वांता, येंदी करत कुलुंगुगू या उत्तर सीमेवरच्या गावाला जातो. कुलुंगुगू म्हणजे जिथे १९६२ मध्ये न्क्रुमांवर बॉम्ब टाकला गेला ते गाव. हा रस्ता पुरा झाला तर उत्तरेला समुद्राकडे जायला कुमासीच्या वळशाची गरज उरणार नाही. म्हणूनच प्रत्येक निवडणुकीत तो ‘होतो’. भाषण होते, कुदळ मारली जाते, फोटो निघतो, कंत्राटदार येतो आणि काम अर्धवट सोडून जातो. दोन्ही मोठ्या पक्षांनी हे केले आहे.

याउलट राजधानीत एन-१ चा १४ किलोमीटरचा तुकडा २०१२ मध्ये झोकात उघडला. अमेरिकी सरकारच्या मिलेनियम चॅलेंज निधीचे अनुदान होते. शेतमाल, फळे विमानतळ आणि बंदरापर्यंत लवकर पोहोचावीत हा हेतू उघडपणे सांगितलेला होता. त्या रस्त्याचे नाव काय ठेवले? जॉर्ज वॉकर बुश महामार्ग! आफ्रिकेच्या मुक्तीचे केंद्र म्हणवणाऱ्या, ड्यु बॉइस यांना आसरा देणाऱ्या शहरात इराकवर बॉम्ब टाकणाऱ्याचे नाव. कुणाच्या पैशाने रस्ता झाला ते नावात दिसते. कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या हातांनी झाला ते कुठल्याही पाटीवर नसते.

डोक्यावर घमेले आणि पावती

आता चौथा प्रवासी. एन-१० वरून रोज बसगाड्या उत्तरेकडून कुमासी आणि अक्राला येतात. त्यांतून तरुण मुली उतरतात. वय कधी चौदा, कधी सोळा. त्यांना तिथे ‘कायायेई’ म्हणतात, म्हणजे ओझे वाहणाऱ्या बायका. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोठे घमेले, घमेल्यात दुसऱ्याचा बाजार. रात्री दुकानांच्या ओट्यांवर, झोपड्यांत दाटीवाटीने झोपायचे. कित्येकींच्या पाठीला मूल बांधलेले असते. पागाहून निघालेला साखळदंडातला माणूस, वुल्झलीचा ओझेवाला, ओबुआसीचा मजूर आणि ही मुलगी. शतके बदलली. साखळी गेली, तिकीट आले. पण उत्तरेच्या माणसाने दक्षिणेत येऊन अंगमेहनत विकायची ही वाटणी तशीच राहिली. कायद्याने कुणी तिला जबरदस्ती करत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण तिच्या गावात शाळा, पाणी आणि रोजगार नसणे ही जबरदस्ती नाही तर काय आहे?

आणखी ऐका. या मुलींकडून बाजारात स्थानिक प्रशासन पट्टी वसूल करत असे. डोक्यावर ओझे वाहण्याचा कर! अखेर २०१७ च्या अर्थसंकल्पात सरकारला ही वसुली बंद करत असल्याचे जाहीर करावे लागले.

पुढे नोव्हेंबर २०२१ चा अर्थसंकल्प आला. सरकारने रस्त्यावरचे टोल एका रात्रीत बंद केले. मोटारवाले खूश झाले. टोलनाक्यांवर काम करणारे, त्यांत अपंग कर्मचारीही होते, रस्त्यावर आले. नाक्यावर थांबणाऱ्या गाड्यांना पाणी, केळी विकणाऱ्यांचा धंदा बुडाला. आणि त्याच अर्थसंकल्पात काय सुचवले? मोबाईलवरून पैसे पाठवण्यावर कर! २०२२ पासून तो दीड टक्क्याने लागू झाला. दिवसाला शंभर सेडीपर्यंत सूट होती, असे समर्थक सांगतील. पण महिन्याची बचत एकदम आईला पाठवणाऱ्या मजुराला ती सूट काय कामाची? मोटारीवरचा भार उतरवून पैसे गावी पाठवणाऱ्या माणसावर टाकला गेला. लोकांनी तीन वर्षे विरोध केला, तेव्हा २०२५ मध्ये हा कर रद्द झाला.

रस्त्याच्या देखभालीचा निधीही बघा. १९९७ च्या कायद्याने रस्ते निधी झाला. पेट्रोल-डिझेलवरचा अधिभार त्यात जमा व्हायचा. म्हणजे खचाखच भरलेल्या ‘ट्रोट्रो’ मिनीबसमधून जाणारा गरीबही भाड्यातून रस्त्याचे पैसे भरतच होता. २०१७ मध्ये नवा कायदा करून अशा राखीव निधींवर मर्यादा घातली आणि उरलेला पैसा सरकारी तिजोरीत वळवला. रस्त्यासाठी घेतलेला पैसा रस्त्यावर खर्च झाला नाही. आपल्याकडे अनुसूचित जातींच्या उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळवल्याची बातमी वाचताना आपल्याला जे वाटते तेच त्यांना वाटले असेल.

रस्ता खड्ड्यांचा, दोन पदरी, रात्रीचा अंधार आणि थकलेला चालक. किंटाम्पोजवळ एन-१० वर फेब्रुवारी २०१६ मध्ये बस आणि मालट्रकची धडक झाली आणि पन्नासहून अधिक लोक मेले. मार्च २०१९ मध्ये त्याच भागात पुन्हा दोन वाहनांची धडक झाली, पुन्हा पन्नासहून अधिक मेले. विमानाने तमालेला जाणारा मंत्री या यादीत सापडणार नाही.

मदिनाचे लोक रस्त्यावर उतरले

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग करायचे काय? रडत बसायचे? मुळीच नाही. एन-४ कडे या.

एन-४ अक्रामधून उत्तरेला मदिना आणि अदेंता या गजबजलेल्या उपनगरांतून जातो. रस्ता रुंद केला, गाड्या सुसाट धावू लागल्या. पादचाऱ्यांसाठी सहा पूल बांधायला घेतले आणि सांगाडे उभे करून सोडून दिले. वर्षे गेली. लोखंडी खांब गंजत उभे आणि खाली शाळेची मुले, बाजारहाट करणाऱ्या बायका जीव मुठीत धरून सहा पदरी रस्ता ओलांडत होत्या. माणसे मरत होती. सरकारला निधी नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका शाळकरी मुलीला गाडीने उडवले. त्या संध्याकाळी मदिनाचे लोक रस्त्यावर उतरले. टायर जाळले, महामार्ग बंद पाडला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आणि मग चमत्कार झाला! ज्या पुलांना वर्षानुवर्षे पैसा नव्हता त्यांना पैसा मिळाला आणि पुढच्या वर्षी पूल पुरे झाले. तो चमत्कार सरकारने केला नाही. वाहतूक थांबली तेव्हाच सरकारला चालणारा माणूस दिसला.

याच एन-४ वर, मदिनाच्या अलीकडे, लेगॉन येथे घाना विद्यापीठ आहे. जून २०१६ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी तिथे गांधींच्या पुतळ्याचे अनावरण केले. प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी गांधींचे दक्षिण आफ्रिकेतील लिखाण काढून दाखवले. आफ्रिकी माणसाबद्दल ज्याने असे लिहिले त्याचा पुतळा आमच्या आवारात का, असा सवाल केला. स्वाक्षऱ्या गोळा केल्या, चिकाटीने दोन वर्षे पाठपुरावा केला. डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा काढला गेला. मदिनाचे आंदोलन नोव्हेंबरमध्ये आणि लेगॉनचा निर्णय डिसेंबरमध्ये. एकाच महामार्गावर, एका महिन्याच्या अंतराने! एका ठिकाणी पायाखालच्या रस्त्याचा हक्क आणि दुसऱ्या ठिकाणी मानाचा हक्क. आपल्यातले काही जण विचारतात, “पुतळे, नामांतर हे भावनिक प्रश्न आहेत, आधी रस्ते-पाण्याचे बघा.” घानाच्या लोकांनी दाखवून दिले की हे दोन प्रश्न वेगळे नसतात. ज्याला मान नाही त्याच्यासाठी पादचारी पूलही होत नाही.

मग आमचा रस्त्याला विरोध आहे का?

अजिबात नाही. हा आरोप आधीच खोडून टाकू. रस्ता नको म्हणणारी रोमँटिक पर्यावरणवादी भाषा आमची नाही. बाळंतीण दवाखान्यात पोहोचायला रस्ता हवा. मुलीला महाविद्यालयात जायला रस्ता हवा. गावच्या सावकाराच्या आणि पाटलाच्या मुठीतून निसटायला तर रस्ता हवाच हवा. बाबासाहेबांनी गाव सोडून शहराकडे चला असे सांगितले ते उगीच नव्हे. घानाच्या उत्तरेतील लोकही एन-२ मागत आहेत, तो नको म्हणत नाहीत. आणि त्या कायायेई मुलीलाही एन-१० ने थोडी मोकळीक दिली आहे. कुणी नको असलेल्या लग्नातून सुटून आलेली असते, कुणी शिवणयंत्रासाठी पैसे साठवत असते. हे आम्ही नाकारत नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे की रस्ता हा डांबराचा पट्टा नाही, तो राज्यकर्त्यांनी केलेला निर्णय आहे. आणि निर्णय कुणी घेतला, कुणासाठी घेतला, हे विचारण्याचा हक्क त्यावरून चालणाऱ्या सर्वात शेवटच्या माणसाला आहे. भारतीय संविधानाचे कलम १५(२) उघडून बघा. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द तिथे लिहिलेला आहे. रस्त्याला जात नसती तर त्या कलमात तो शब्द घालायची गरज काय होती? ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, ज्यांना मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालायलाही वायकोमला सत्याग्रह करावा लागला, त्यांच्यासाठी तो शब्द आहे.

घानाचा माणूस कुठल्या जातीत जन्मत नाही, तरी उत्तरेत जन्मला की त्याचे काम जवळजवळ ठरलेले असते. जन्माने काम ठरणे, कामाने किंमत ठरणे आणि किमतीवरून रस्ता ठरणे, ही साखळी जिथे जिथे दिसेल तिथे आंबेडकरवाद्याने ती ओळखली पाहिजे. तिचे नाव तिथे वेगळे असेल. आपण फक्त आपल्याच जखमेकडे बघत राहिलो तर ड्यु बॉइस यांना पत्र लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे आपण कोण लागतो?

तरुण कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुठल्याही महामार्गाचे उद्घाटन होईल, ड्रोनचे फोटो फिरतील, समाजमाध्यमांवर ‘विकास’ म्हणून टाळ्या पडतील, तेव्हा पाच प्रश्न विचारा. हा रस्ता कुठून निघतो आणि कुठे जातो? यासाठी जमीन कुणाची गेली? खडी कुणी फोडली आणि त्याला किती मजुरी मिळाली? पायी चालणाऱ्याने तो ओलांडायचा कसा? आणि त्या पैशात कोणता रस्ता झाला नाही? उत्तरे माहिती अधिकारात मागा, ग्रामसभेत मागा, लेखी मागा. उत्तर नाही मिळाले तर मदिनाचे लोक काय करून मोकळे झाले ते आम्ही वर लिहिलेच आहे. आपल्याकडे संविधानिक मार्ग आहेत. ते न थकता वापरा.

आणि पुन्हा कुणी म्हणाले की रस्त्याला जात नसते, तर त्याला पागापासून केप कोस्टपर्यंतचा नकाशा दाखवा. मग त्याच्याच गावचा नकाशा त्याच्या हातात द्या आणि विचारा, “डांबर कुठे संपते, ते बोट ठेवून दाखव.”

जयभीम! जय संविधान!